मोठी, धाकटी आणि लक्स-तास : आफ्रिकन व्हायोलेटच्या उजेडाच्या नोंदी

५ ऑक्टोबर

दोन कुंड्या, दोन्ही आफ्रिकन व्हायोलेटच्या. मोठी आत्याने दिलेली. आली तेव्हा जांभळ्या फुलांनी गच्च भरलेली होती. धाकटी ही मोठीच्याच एका पानाची लेक. पान देठासकट मातीत खोचलं होतं, दोन-अडीच महिन्यांनी बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं डोकावली, त्यातलं एक रोप वेगळं लावलं. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. मोठीला चौदा महिन्यांत एक फूल नाही. धाकटीने तर फूल कधी पाहिलेलंच नाही. पानं मात्र दोघींची हिरवीगार आणि मखमली, त्यामुळे येणारा-जाणारा "काय छान ठेवलंय" म्हणून जातो. मला ते आता ऐकवत नाही.

आज आत्याला फोन केला. कुंडी कुठे ठेवली आहेस, असं तिने पहिलंच विचारलं. म्हटलं, पुस्तकांच्या कपाटावर, खिडकीपासून चांगली लांब. सावलीतलं झाड आहे ना. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "अगं, ऊन नको म्हटलं होतं मी. उजेड नको असं कधी म्हटलं?"

म्हणून हा उद्योग. ठरवलंय ते असं : माती, कुंडी, खत, पाणी यांतलं काहीही बदलायचं नाही. बदलायचा तो फक्त उजेड. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फूल आलं तरी ते कोणामुळे आलं हे कळायचं नाही. दोन्ही झाडं एकाच रक्ताची, म्हणजे तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

६ ऑक्टोबर

पट्टी घेऊन बसले. मोठीच्या सगळ्यात लांब पानाचा देठ ११ सेंटिमीटर, आणि पान स्वतः जेमतेम ५. धाकटीचा देठ ९.

चांगल्या उजेडातल्या व्हायोलेटची पानं ताटलीसारखी आडवी पसरतात, खालची तर कुंडीच्या काठावर रेलतात. आमच्याकडची पानं उत्तर येणाऱ्या पोरांसारखी हात वर करून उभी आहेत, आणि सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. इतके दिवस याला मी तजेला समजत होते. ती धडपड आहे. उजेड पुरेना की झाड पान वाढवायचं सोडून देठ लांबवतं. तो कौतुकाचा गडद हिरवा रंगही त्यातलाच : मिळेल तेवढा प्रकाश अडवता यावा म्हणून पान हरितद्रव्य भरून ठेवतं.

दोघींचे वरून आणि बाजूने फोटो काढून ठेवले.

८ ऑक्टोबर

फोनमध्ये लक्स, म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप, मोजायचं अॅप घेतलं. फोनचा प्रकाशाचा सेन्सर पडद्याच्या बाजूला, पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो. म्हणून फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवायचा आणि आपण बाजूला व्हायचं. मी वाकून बघत राहिले तेव्हा माझ्या डोक्याच्या सावलीनेच आकडा निम्म्यावर आला होता. पहिली दहा मिनिटं मी स्वतःलाच मोजत होते म्हणायला हरकत नाही.

भर दुपारी कपाटावर : १८० लक्स.
खिडकीपासून एक मीटरवर : ९००.
पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर, ऊन सरकून गेल्यावर : ४,२००.
त्याच कट्ट्यावर सकाळी आठला, कोवळ्या उन्हात : ४१,०००.

बाहेर उघड्यावर भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. व्हायोलेटला साधारण ८ ते १२ हजार लक्स, तेही दहा-बारा तास, असं पुष्कळ वाढवणारे धरतात. आणि मी १८० देत होते.

यात डोळ्याची लबाडी आहे. कपाटाजवळ बसून मी आरामात पुस्तक वाचते. बाहुली मोठी होते, डोळा सरावतो आणि १८० लक्स आणि ४,००० लक्स यांत "जरा अंधुक" आणि "छान उजेड" एवढाच फरक जाणवतो. पानाला सरावाची अशी युक्ती नाही. जितका प्रकाश पडेल तितकंच त्याचं काम चालतं. तेव्हा "इथे बराच उजेड येतो" हे वाक्य यापुढे या वहीत लिहायचं नाही.

ज्यांच्याकडे असलं अॅप नाही त्यांच्यासाठी आत्याची पद्धत : दुपारी पानांच्या वर वीतभर-दीड वीत हात धरायचा. सावलीची कडा स्पष्ट उमटली तर उजेड या झाडाला जास्त. सावली दिसते पण कडा विरलेल्या, तर ठीक. कपाटावर हात धरून पाहिला. सावली पडलीच नाही.

१० ऑक्टोबर

नुसते लक्स मोजून भागत नाही, किती वेळ ते महत्त्वाचं. नळाची धार आणि बादली यांच्यासारखा प्रकार आहे. म्हणून हिशोबासाठी घरगुती माप ठरवलं : लक्स गुणिले तास. १०,००० लक्स बारा तास म्हणजे १,२०,००० लक्स-तास. कपाटावर दिवसभराची सरासरी १०० धरली आणि अकरा तास, तर ११०० लक्स-तास. बादलीत तांब्याभरही पाणी नाही.

काटेकोर माणसं या मापाला नाक मुरडतील, आणि बरोबरच आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप. डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सगळ्यात तेजस्वी वाटतो, म्हणून लक्समध्ये त्याचं वजन जास्त. पानाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश चालतो आणि तांबडा, निळा तर उत्तमच. त्यासाठी दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण मोजतात, मायक्रोमोलमध्ये. लक्सवरून तो आकडा अंदाजाने काढता येतो : सूर्यप्रकाश असेल तर ५४ ने भागायचं, पांढरा एलईडी असेल तर सत्तरच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच लक्सला सूर्याचा उजेड दिव्यापेक्षा थोडा जड. हे पुढे लागणार आहे, म्हणून लिहून ठेवलं.

१२ ऑक्टोबर

मांडणी. मोठी दिव्याखाली, धाकटी खिडकीत.

मोठीसाठी रॅकच्या फळीखाली दोन फुटी एलईडी ट्यूब दोन, शेजारी शेजारी, प्रत्येकी १० वॅट आणि हजारेक ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप). रंग ४००० केल्व्हिन, म्हणजे साधा पांढरा. जांभळट-गुलाबी "ग्रो लाइट" मुद्दाम घेतला नाही. झाडाला पांढरा पुरतो. आणि जांभळ्या प्रकाशात पान पिवळं पडतंय की हिरवं आहे हे माणसाला दिसतच नाही. या सगळ्या खेळात पानाचा रंग वाचणं हेच तर काम. अंतर कमी-जास्त करायला कुंडीखाली जुनी जाड पुस्तकं. सोबत टायमर.

धाकटी दक्षिणेच्या खिडकीपाशी, काचेपासून ३० सेंटिमीटर आत, तिपाईवर. तिथे सध्या ऊन येत नाही, आकाश मात्र भरपूर दिसतं. दुपारी ३,५०० लक्स, दिवसाची सरासरी २,२०० च्या आसपास. अकरा तासांचे साधारण २४,००० लक्स-तास.

१५ ऑक्टोबर

दिवे लावले. कुंडीखाली चार पुस्तकं, म्हणजे पानांपासून ट्यूब १५ सेंटिमीटरवर. तिथे ९,८०० लक्स. टायमर सोळा तासांवर. चौदा महिन्यांची कसर काढायची आहे.

१९ ऑक्टोबर

पानं खाली झुकू लागली. हात वर केलेली पोरं बसली एकदाची! फार बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर

बरं वाटायचं काही कारण नव्हतं.

पानं आडवी होऊन थांबली नाहीत, आणखी खाली वळली. कडा कुंडीला मिठी मारल्यासारख्या. मधला गाभा आवळून आलाय. नवी पानं एकमेकांत इतकी घट्ट रुतलीत की बोट सारायला जागा नाही, आणि त्यांच्यावरची लव एका जागी दाटून करडी दिसतेय. वरच्या पानांचा हिरवा रंग उडून पिवळट झालाय. आत्याला फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"किती तास लावतेस दिवा?"

"सोळा."

"अंधारात ठेवलंस वर्षभर, आणि आता एकदम लग्नाच्या मांडवात आणून बसवलंस होय गं!"

हिशोब केला. ९,८०० गुणिले सोळा, दीड लाखाच्या वर लक्स-तास. जाणकार देतात त्याच्याहून बरंच जास्त, आणि तेही कपाटावरच्या हजाराची सवय झालेल्या पानांना. मंद उजेडात घडलेलं पान थोड्याच प्रकाशाला भरून पावतं. त्यापुढचा प्रकाश त्याला वापरता येत नाही, पण अंगावर तर पडतच राहतो. मग हरितद्रव्यच खराब होऊ लागतं आणि रंग उडतो. झाडाला वाढता उजेड द्यायचा तर आठवड्या-आठवड्याने चढवायला हवा होता. मला हे ठाऊक होतं. दिव्याचं बटण हाताशी असलं की ठाऊक असलेलं काही आठवत नाही.

२७ ऑक्टोबर

निरनिराळ्या अंतरांवर मोजून घेतलं. १५ सेंटिमीटरवर ९,८००, २५ वर ६,०००, ३० वर ४,९००, ६० वर २,०००. शाळेत शिकलेला नियम असा, की अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो. इथे तो निम्मा होतोय. कारण तो नियम ठिपक्यासारख्या दिव्याचा; ट्यूब ही रेघ आहे, आणि रेघेच्या जवळ प्रकाश अंतराच्या प्रमाणातच उतरतो. लांब गेलं की मग चौथाईकडे झुकतो. गोल बल्ब लावणाऱ्यांनी माझे आकडे उचलू नयेत.

आणखी एक : ट्यूबच्या टोकाखाली मधल्यापेक्षा निम्माच उजेड. त्यामुळे कुंडी अगदी मधोमध.

दोन पुस्तकं काढली. अंतर २५ सेंटिमीटर, टायमर बारा तासांवर. ७२,००० लक्स-तास. दोन ट्यूब मिळून महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज.

२ नोव्हेंबर

बाराच तास का, याचं उत्तर या झाडाच्या मूळ गावात सापडतं. पूर्व आफ्रिकेतल्या उसांबारा डोंगरात, आजच्या टांझानियात, १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याला ते दिसलं. पुढच्या वर्षी हर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्याच नावावरून त्याला सेंटपॉलिया म्हटलं. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही, फुलाच्या रूपावरून पडलेलं नाव. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत सामावून घेतलं, तरी जुनं नाव तोंडातून जात नाही.

मुद्दा असा : तो डोंगराळ भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला पाचेक अंशांवर. तिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास, रात्रही तेवढीच. झाड वाढतं ते शेवाळलेल्या खडकांच्या खोबणीत, वर उंच झाडांचं छत. ऊन गाळून येतं, कवडशाकवडशाने. म्हणजे "सावलीतलं झाड" हे खरंच आहे, पण ती सावली भर दिवसा, मोकळ्या आभाळाखालच्या रानातली. तशा सावलीत हजारो लक्स असतात. घरातली सावली आणि रानातली सावली यांना आपण एकच शब्द वापरतो, त्यातून माझ्यासारख्यांचा घोळ होतो.

शिवाय दिवस लहान-मोठा झाल्याने कळ्या धरणाऱ्यांतलं हे झाड नाही. त्याला दिवसभरात एकूण उजेड किती मिळाला ते कळतं. पण म्हणून रात्र कापायची नाही. निदान आठ तास काळोख हवाच.

९ नोव्हेंबर

धाकटीच्या तीन पानांवर पिवळट कडी उमटली आहेत. वाटोळी, मधे हिरवं, कडेने पिवळी रेघ, ओल्या ग्लासाचा तळ उमटावा तशी. उन्हाचे चटके म्हणून घाबरले आणि तिपाई अर्धा मीटर आत ओढली. मग लक्षात आलं की या खिडकीत अजून ऊन आलेलंच नाही.

गुन्हेगार पाणी निघालं. सकाळी थंडगार पाणी घाईत वरून ओतलं होतं, थेंब पानांवर राहिले. पानाच्या मानाने पाणी बरंच गार असलं तर थेंबाखालच्या पेशी मरतात आणि अशी कडी उमटतात. ती परत भरून येत नाहीत. इथून पुढे पाणी रात्रभर खोलीत ठेवून, सकाळी बशीत घालायचं. अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं.

पाण्याची पद्धत बदलायची नाही, हा माझा नियम इथे मोडला. मोडलेला बरा. तिपाई परत जागेवर.

१६ नोव्हेंबर

दर रविवारी कुंडी पाव फेरी फिरवायची, घड्याळाच्या दिशेने. धाकटीला गरज जास्त, तिला उजेड एकाच बाजूने. कुंडीवर खुणेला लाल ठिपका.

२३ नोव्हेंबर

मोठीची नवी पानं बघण्यासारखी झालीत. गाभा सैल झाला. महिन्याभरात आलेल्या पानांचे देठ ४ ते ४.५ सेंटिमीटर, पान मात्र ५.५. एक पान उलटून पाहिलं : मागून तांबूस, शिरा उठून आलेल्या, आणि भिंगाखाली लव दोन प्रकारची दिसते, लांब विरळ केस आणि मधून आखूड दाट.

जुन्या पानांचे ११ सेंटिमीटरचे देठ आखूड व्हायचे नाहीत. मध्ये नवी आटोपशीर ताटली आणि तिच्याभोवती जुनी लांबच लांब, असं विचित्र रूप आलंय. खालची पाच काढून टाकली. देठ बाजूला वळवला की बुडापासून कट्‌कन निघतो.

१ डिसेंबर

पानाच्या बेचक्यात काहीतरी आहे! टाचणीच्या डोक्याएवढं, केसाळ, फिकट हिरवं. कळी की फुटवा ते कळत नाही. सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं. हात लावायचा नाही.

५ डिसेंबर

कळी. फुटवा असता तर आतापर्यंत दोन इवली पानं समोरासमोर उघडली असती. याला एक मान फुटलीय आणि ती छत्रीच्या मुठीसारखी वाकलीय. टोकाला दोन-तीन दाणे खाली तोंड करून. भिंगातून बघत बसले होते, दुसरं काही झालं नाही आज. पलीकडच्या बेचक्यांत अजून दोन.

आत्याला कळवलं. "आता जागा हलवू नकोस, काही करू नकोस," म्हणाली. माझा स्वभाव तिला माहीत आहे.

१३ डिसेंबर

आणि तिकडे धाकटी भाजली.

खिडकीकडच्या दोन पानांवर तपकिरी डाग, कागदासारखे कोरडे. ही पाण्याची कडी नव्हेत. डागामधला पानाचा भागच मेलाय. दुपारी बाराला खोलीत गेले तर तिपाईवर लख्ख ऊन. फोन ठेवला : ३८,०००.

ऑक्टोबरात इथे ऊन नव्हतं, हे मी स्वतःच वर लिहून ठेवलंय. त्याच भरवशावर निर्धास्त होते. पण सूर्य मधल्या काळात दक्षिणेकडे सरकला. सप्टेंबरातल्या समान दिवस-रात्रीपासून डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसापर्यंत माध्यान्हीचा सूर्य २३.५ अंश खाली येतो. तेव्हा जो खिडकीच्या छज्ज्यावरून जात होता, तो आता छज्ज्याखालून थेट आत. वर्षभरापूर्वी मोजलेली जागा सोडाच, दोन महिन्यांपूर्वी मोजलेलीही भरवशाची नाही.

१४ डिसेंबर

रविवार. खडू घेऊन फरशीवर बसले. दर अर्ध्या तासाने कवडशाच्या कडेला रेघ. साडेदहाला पहिला पट्टा आत आला, साडेबाराला तिपाईच्या पायांपलीकडे, अडीचला निघून गेला. चार तास. नवरा रेघा ओलांडत चहाचा कप घेऊन फिरत होता. शेवटी म्हणाला, लंगडी खेळणार आहेस का.

खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. ३८,००० चे ९,००० झाले. पडद्यातून आलेल्या उजेडात हात धरला तर सावलीच्या कडा विरलेल्या, अगदी हव्या तशा. रानातल्या छताचं काम हा पडदा करतोय.

नवा हिशोब : पडद्यातलं ऊन चार तास, ३६,०००. उरलेले सहा तास १,८०० ने, १०,८००. एकूण ४७,००० च्या जवळ. मोठीच्या ७२,००० पुढे कमी वाटतं, पण ते सूर्याचे लक्स. ५४ ने आणि ७० ने भागून पाहिलं तर धाकटीचे ४७,००० हे दिव्याच्या ६१,००० च्या तोडीचे. फरक राहिला तो थोडा. ऑक्टोबरचे २४,००० मात्र कसेही भागले तरी तोकडेच होते. बिचारीला दोन महिने अर्धपोटी ठेवून एकदम भाजलं.

२२ डिसेंबर

आजच्या रेघा १४ तारखेच्या रेघांपेक्षा बोटभरही पुढे नाहीत. सूर्य इथे जवळजवळ थबकतो. आता तो हळूहळू मागे फिरेल. ही शेवटची रेघ ऑइल पेंटने मारून ठेवली, तिपाईखाली झाकली जाते.

३० डिसेंबर

रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर रॅकखाली झगझगीत उजेड. संध्याकाळी तासन्‌तास वीज नव्हती, तेवढा टायमर मागे पडला. चकतीवाला टायमर वीज गेली की जागच्या जागी थांबतो. वीज आली की थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. त्याला वाटतंय अजून दिवसच आहे. चकती फिरवून वेळेवर आणली. दिवे काही दिवस रात्रीचे तास खात होते का, कोण जाणे. त्यामुळे आता रोज झोपताना एक नजर टाकायची.

६ जानेवारी

फूल.

सकाळी कळीची एक पाकळी सुटलेली होती, दुपारपर्यंत पाचही. वरच्या दोन लहान, खालच्या तीन मोठ्या, मध्ये परागकोशाचे दोन पिवळेधमक दाणे. पाकळी तिरकी धरून उजेडात पाहिली तर पेशी साखरेसारख्या चमकतात. जांभळा रंग फोटोत येत नाही, निळाच होतो. सहा फोटो काढून नाद सोडला.

पहिली कळी दिसल्यापासून ३६ दिवस. अंतर आणि तास नीट केल्यापासून ७१.

१८ जानेवारी

मोठीला सात दांडे, उमललेली फुलं अकरा. आत्या व्हिडिओ कॉलवर. फुलं पाहून झाल्यावर म्हणाली, "आता त्या दुसरीला दाखव." धाकटी दाखवली. भाजलेली दोन पानं तशीच आहेत, मुद्दाम काढली नव्हती. "ही पण येईल गं. हिला उगाच दिव्याखाली नेऊ नकोस."

न्यायचा विचार मी खरंच केला होता.

२ फेब्रुवारी

धाकटीच्या बेचक्यात दोन छत्रीच्या मुठी. देठ नव्या पानांचे ५ सेंटिमीटर, मोठीपेक्षा किंचित लांब, रंग किंचित गडद. म्हणजे उजेड तिला जरा कमीच, पण पुरेसा. दोघींची पानं शेजारी ठेवून पाहिली तर अॅपशिवायही कोणाला किती मिळतंय ते सांगता येईल. यापुढे फोन महिन्यातून एकदा, पानं रोज.

कवडसा पेंटच्या रेघेपासून वीतभर मागे गेला आहे.

१४ फेब्रुवारी

धाकटीचं पहिलं फूल. मोठीच्या फुलाहून अंमळ लहान, रंग तोच.

पुढची कामं : पडदा, ऊन तिपाईवरून पूर्ण हटलं की काढायचा, नाहीतर ती पुन्हा २४,००० वर येईल. मोठीची सुकलेली फुलं दांड्यासकट काढायची. ऑक्टोबरअखेर पडदा परत. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलं.

पुस्तकांचं कपाट वरून मोकळं दिसतं. नवरा म्हणाला, तिथे एखादं कमी उजेडात फुलणारं झाड आणूया. मी काही बोलले नाही. फोन उताणा करून कपाटावर ठेवला आणि आकडा त्याला दाखवला.